नागपूरहून जर्मनीत एक सेमिस्टर: आधी क्रेडिट, मग बॅग

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं. तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि बहुतेक परीक्षा त्यानंतर होतात. नागपुरात ऑक्टोबरपर्यंत एक सेमिस्टर अर्धं झालेलं असतं आणि जानेवारीत दुसऱ्याचे वर्ग भरू लागतात. म्हणजे कागदावर एक सेमिस्टर, पण अडकतात दोन. ही गाठ जायच्या आधी सोडवायची. विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग, दोघांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: हजेरीची सूट कोणत्या तारखांना, तिथले विषय इथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, आणि गुणांचं रूपांतर कोणत्या सूत्राने. तोंडी ‘हो, होऊन जाईल’ला काही अर्थ नाही; तुम्ही परत येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसलेलं असू शकतं.

गुणांचं सूत्र का, तर जर्मनीत 1.0 सर्वांत चांगला, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 नापास. इथल्या टेबलावर 1.7 पाहून कोणी तुम्हाला नापासांच्या यादीत टाकलं तर नवल नाही. तिकडे सर्रास वापरलं जाणारं बव्हेरियन सूत्र उलटं लावता येतं. दहाच्या मापावर 4 ला पास असेल, तर जर्मन गुणातून 1 वजा करा, उरलेल्याची दुप्पट करा आणि ती 10 मधून काढा. 2.0 चे 8 होतात, 1.3 चे 9.4, 3.0 चे 6. कॉलेजचं स्वतःचं सूत्र असेल तर तेच चालेल, फक्त ते आधीच सही-शिक्क्यासह हातात हवं.

विषय निवडताना हावरटपणा नको. पूर्ण सेमिस्टर 30 ईसीटीएस (युरोपातल्या सामाईक पद्धतीच्या) क्रेडिटचं, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. परक्या देशात पहिल्यांदाच राहणाऱ्याला 20 ते 25 पुरे. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे दोन्ही संस्थांनी मान्य केलेल्या विषयांच्या यादीत, दोन जादा विषय मंजूर करून ठेवा, कारण वेळापत्रक उशिरा लागतं. दोन तास एकाच वेळी येतात किंवा विषय जर्मनमध्ये शिकवतात असं तेव्हा कळतं. आयत्या वेळी विषय बदलला तर नवी सही त्याच आठवड्यात ईमेलवर मागा.

पैशाचं गणित: दोन्ही संस्थांमधल्या देवाणघेवाणीच्या करारामुळे तिथली शिकवणी फी बहुधा माफ असते, पण सेमिस्टर शुल्क भरावं लागतं आणि नागपूरच्या कॉलेजची फी चालूच राहते. शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे आधी पूर्ण रक्कम भरून दरमहा ठरावीक पैसेच काढता येणारं खातं. सप्टेंबर 2024 पासून हिशोब महिन्याला 992 युरोंचा आहे, सहा महिन्यांचे 5,952. अर्ज भरताना चालू आकडा तपासा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त मुक्काम म्हणजे शेंगेन पर्यटक व्हिसा चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे आहे, त्यामुळे अपॉइंटमेंटची तारीख हाती आल्यावरच रेल्वेचं तिकीट काढा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी भरा. भाड्याचा करार न पाहता कोणालाही डिपॉझिट पाठवू नका.

आता बॅग. नागपूर-मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर काढलं तर देशांतर्गत सामानाची मर्यादा बहुधा 15 किलोच असते. पुढच्या विमानाला 23 चालत असले तरी नागपुरातच जादा पैसे मोजावे लागतात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास काढा.

युरोपीय संघात प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ नेणं मना आहे. खवा, तूप, पनीर घरीच. संत्रा बर्फीतही बहुधा खवा असतो, तिचा मोह सोडा. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. संत्र्याला नाही, मग ते काटोलचं असो की कळमेश्वरचं. सावजी मसाला, कुरड्या, वाळवलेल्या मूगवड्या मात्र खुशाल न्या, इतवारीतून पाकीटबंद घ्या. कुकर घेताना बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहा. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट, फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. दोन अडॅप्टर पुरतात. जाड जॅकेट सीताबर्डीच्या बाजारात शोधण्यात दिवस घालवू नका, वारा-पाऊस अडवणारं तिथेच मिळतं.

पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती व्हायला हवी आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेलं राहण्याचं प्रमाणपत्र लागतं. वेळ ऑनलाइन आधीच धरा, शहरांमध्ये ती लवकर मिळत नाही. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं: महिन्याला 18.36 युरो, पण घरामागे एकानेच भरायचं. खोलीतला जोडीदार भरत असेल तर त्याचा शुल्क-खात्याचा क्रमांक कळवा. पत्र कचऱ्यात टाकलं तर पुढे दंडासकट येतं.

भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. रविवारी दुकानं बंद, म्हणून कणीक-तेल शनिवारीच भरा.

वर्गात वेळेपुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. सर्वांत जास्त फसगत परीक्षेत होते. विषय घेतला म्हणजे परीक्षेला बसता येतं असं बऱ्याच ठिकाणी नसतं. पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. मुदत चुकली की प्राध्यापकांच्या हातातही काही उरत नाही. तारखा पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्या आणि नोंदणीचा स्क्रीनशॉट जपा.

परतताना पत्त्याची नोंद रद्द करा, आरोग्य विमा लेखी बंद करा, ब्लॉक्ड खात्यातले उरलेले पैसे मागा. गुणपत्रिका निघायला आठवडे लागतात, म्हणून ती नागपूरच्या कोणत्या विभागाला, कोणाच्या ईमेलवर पाठवायची हे तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात निघण्याआधीच लिहून द्या.