कादंबरीमालिकेतील सुसंगती : एआय सॉफ्टवेअरकडून काय करून घ्यावे आणि काय स्वतःच्या हाती ठेवावे

एकाच कुटुंबाची किंवा एकाच गावाची कथा तीन-चार खंडांत लिहिणाऱ्या लेखकाला एआय सॉफ्टवेअरचा उपयोग निश्चित होतो; मात्र तो नवी प्रकरणे लिहवून घेण्यापेक्षा लिहिलेली प्रकरणे तपासून घेण्यात अधिक आहे. हे सॉफ्टवेअर आपली मालिका लक्षात ठेवते, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात, त्या त्या वेळी त्याच्यासमोर जो मजकूर असेल तेवढाच ते विचारात घेते, आणि मजकूर फार मोठा झाला की मधल्या भागातील तपशिलांकडे त्याचे दुर्लक्ष होऊ शकते. त्यामुळे मालिकेची स्मृती लेखकाने स्वतःच्या नोंदवहीत ठेवावी आणि त्या नोंदवहीशी नवा मजकूर ताडून पाहण्याचे काम सॉफ्टवेअरला द्यावे.

उदाहरणादाखल एक कल्पित मालिका घेऊ. नाशिकच्या जुन्या वस्तीतील एका तांबट कुटुंबाची ही कथा आहे. पहिला खंड 1909 मध्ये घडतो, दुसरा 1930 मध्ये, तिसरा 1969 च्या महापुराच्या वर्षी आणि चौथा 2008 च्या पुराच्या वेळी. गोदूबाई ही पहिल्या खंडात अकरा वर्षांची नवी सून आहे आणि तिसऱ्या खंडात घरातील सर्वांत वडीलधारी स्त्री आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक अडचण दूर करावी लागते, आणि ती मराठी लेखकांच्या वाट्याला हमखास येते. आधीचे खंड काही वर्षांपूर्वी छापलेले असतील, तर त्यांची अक्षरजुळणी बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना सारखीच समजणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये झालेली असते. अशी पीडीएफ पडद्यावर सुबक मराठी दिसते. पण तिच्यातील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला उतरतो. एआयला हा कालाच दिसतो. वाईट म्हणजे ते दर वेळी तसे सांगत नाही, आणि अंदाजाने उत्तर देऊन मोकळे होते. म्हणून प्रकाशकाकडून मूळ फाइल मागवून ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार यांवरून एकदा नजर फिरवावी. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाइल करून तिला खंड आणि प्रकरण यांचा क्रमांक द्यावा, कारण पुढची सगळी तपासणी या क्रमांकांच्या आधारे चालते.

त्यानंतर नोंदवही. सुडोराइट आणि नॉव्हेलक्राफ्टर ही कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांसाठीची एआय साधने आहेत; पहिल्यात तिला ‘स्टोरी बायबल’ आणि दुसऱ्यात ‘कोडेक्स’ म्हणतात. चॅटजीपीटी किंवा क्लॉड वापरत असाल तर ‘प्रोजेक्ट’ उघडून त्यात साधी मजकूर-फाइल ठेवली तरी चालते. कोणतेही साधन निवडले तरी मूळ प्रत आपल्या संगणकावर साध्या फाइलमध्ये असावी. नोंद कशी असावी, ते गोदूबाईवरून पाहा : ‘जन्म 1898 (खंड 1, प्रकरण 2). माहेर सिन्नर. डाव्या भुवईवर भाजल्याचा व्रण (खंड 1, प्रकरण 5). नवऱ्याला “अहो”, सासूला “आत्याबाई”, धाकट्या दिराला “भावजी”. लिहिता-वाचता येत नाही. अंक ओळखते (खंड 2, प्रकरण 9).’ नोंदीत वय लिहू नये, जन्मवर्ष लिहावे. वय प्रत्येक खंडात बदलते आणि जुने वय नव्या प्रकरणात तसेच शिरते. जन्मवर्ष दिले असेल, तर 1930 मध्ये ती बत्तीस वर्षांची आणि 1969 मध्ये एकाहत्तर वर्षांची, हे कोणालाही ताडता येते. ‘स्वभावाने प्रेमळ पण करारी’ अशा नोंदींचा मात्र काडीचा उपयोग होत नाही, कारण त्यांच्याशी विसंगत असे काही सापडतच नाही.

ही नोंदवही पहिल्यांदा तयार करताना एआयची मोठी मदत होते. एकेक प्रकरण देऊन त्यातील व्यक्ती, नाती, स्थळे, वस्तू आणि तारखा मूळ वाक्यासह काढून देण्यास सांगावे. सगळा खंड एकदम देऊ नये; देवनागरी मजकूर सॉफ्टवेअरच्या आतल्या मोजणीत इंग्रजीपेक्षा अधिक जागा घेतो, आणि मोठ्या मजकुरात बारकावे गळतात. निघालेली प्रत्येक नोंद छापील पुस्तकाशी जुळवूनच वहीत घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते.

कोडेक्ससारखी साधने व्यक्तीचे नाव मजकुरात दिसले की तिची नोंद आपोआप पुढे करतात. मराठीत इथे विभक्ती आडवी येते. ‘नाशिक’ हा शब्द नोंदलेला असतो आणि कादंबरीतील म्हातारे ‘नाशकात’ म्हणतात; ‘तात्या’ नोंदलेले असतात आणि वाक्यात ‘तात्यांनी’ येते; गोदूबाईला कोणी ‘काकू’, कोणी ‘थोरल्या बाई’ म्हणते. म्हणून प्रत्येक नोंदीत पर्यायी नावांच्या रकान्यात ही सगळी रूपे भरावीत. अन्यथा साधनाला माणूस ओळखूच येत नाही आणि ते त्याच्याविषयी मनाने काहीतरी रचते.

काळाची आणि स्थळाची नोंद व्यक्तींपासून वेगळी ठेवावी. या मालिकेत कलेक्टर जॅक्सनचा वध 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात झाला आणि काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला, हे दोन खुंटे पक्के आहेत. घरातील लग्ने, बाळंतपणे आणि मृत्यू त्यांच्या आधी की नंतर, हे तक्त्यात मांडावे. त्याच तक्त्यात काळाच्या मर्यादा लिहाव्यात. 1 एप्रिल 1957 पूर्वी व्यवहार आणे-पै यांत होतो, त्यानंतर नव्या पैशांत. नाशिकची महानगरपालिका 1982 मध्ये झाली, म्हणून 1969 च्या खंडात ‘नगरपालिका’ हाच शब्द हवा. एआय आजच्या भाषेवर वाढलेले असल्यामुळे अशा ठिकाणी आजचा शब्द सहज टाकून जाते.

स्थळाबाबतही तेच. जुने नाशिक गोदावरीच्या उजव्या तीरावर आणि पंचवटी डाव्या तीरावर आहे, म्हणजे सराफ बाजारातून काळाराम मंदिराकडे निघालेल्या माणसाला नदी ओलांडावीच लागते. ही एक ओळ नोंदवहीत नसेल, तर सॉफ्टवेअर त्याला गल्लीबोळांतून थेट मंदिरात पोहोचवते. पुराचे मापही ठरवून ठेवावे. नाशिककर पाण्याची उंची गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. तिसऱ्या खंडात पाणी वाड्याच्या कितव्या पायरीला लागले आणि त्या वेळी मारुती किती बुडाला होता, हे लिहिलेले असेल, तरच चौथ्या खंडातील नातू 19 सप्टेंबर 2008 च्या पुराची तुलना त्याच्याशी करू शकेल.

तिथी आणि सिंहस्थ यांच्या गणिताबाबत एआयवर विसंबू नये. अधिक मास केव्हा आला, अमुक वर्षी गणेश चतुर्थी कोणत्या तारखेला होती, याची उत्तरे ते ठामपणे देते आणि ती चुकीची असू शकतात. जुने पंचांग पाहणे हाच खात्रीचा मार्ग. सिंहस्थाच्या बाबतीत 2015 मधून बारा-बारा वर्षे वजा करत मागे जाण्याचा मोह सॉफ्टवेअरला होतो. सिंहस्थ गुरू सिंह राशीत आल्यावर भरतो, आणि गुरूचे आवर्तन सुमारे 11.86 वर्षांचे असल्यामुळे आठ आवर्तनांत जवळपास एका वर्षाचा फरक पडतो, आणि कादंबरीत साधूंची मिरवणूक भलत्याच वर्षी निघते. जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि संदर्भग्रंथांच्या शोधात नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे 1840 पासून चालत आलेल्या संस्थेत, एखादी दुपार घालवणे केव्हाही श्रेयस्कर.

सर्वांत जास्त वेळ संबोधनांवर द्यावा, असे माझे मत आहे. डोळ्यांचा रंग बदलला तर एखाद्याच वाचकाला खटकतो. पण पहिल्या खंडात नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई तिसऱ्या खंडात कारणाशिवाय ‘अरे’ म्हणू लागली, तर वाचक पुस्तक मिटतो. एआयच्या मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकाच संवादात सरमिसळ होतात. त्यासाठी कोण कोणाला काय म्हणतो याचा आडवा-उभा तक्ता करावा, आणि संबोधन मुद्दाम बदलले असेल तर कोणत्या प्रसंगापासून, तेही लिहावे. बोलीचेही तसेच आहे. बागलाणातून आलेला गडी अहिराणी बोलत असेल, तर त्याची वाक्ये एआयकडून लिहून घेऊ नयेत. ते अहिराणी म्हणून जे देते, त्यात वऱ्हाडी आणि चित्रपटातील ग्रामीण मराठी यांची खिचडी असते. त्याने पूर्वी उच्चारलेली वीस-पंचवीस वाक्ये एका जागी काढून ठेवावीत आणि नवी वाक्ये त्यांच्या शेजारी ठेवून स्वतः तपासावीत.

आणखी एक तक्ता क्वचितच कोणी ठेवतो : कोणाला काय केव्हा कळले. वाडा सावकाराकडे गहाण आहे ही गोष्ट धाकट्या दिराला दुसऱ्या खंडाच्या चौदाव्या प्रकरणात कळते. बाराव्या प्रकरणाचे पुनर्लेखन करताना एआयला पूर्ण नोंदवही दिली, तर ते त्याच्या तोंडी गहाणाचा सूचक उल्लेख घालते, आणि तो इतका सहज असतो की लेखकाच्याही नजरेतून सुटतो. यावर उपाय सोपा आहे. ज्या प्रकरणावर काम चालले आहे, त्या क्षणापर्यंतच्याच नोंदी सॉफ्टवेअरला द्याव्यात आणि पुढच्या काढून घ्याव्यात.

आता प्रत्यक्ष तपासणी. ‘हे प्रकरण सुसंगत आहे का?’ असे विचारल्यास ‘होय, उत्तम आहे’ असे उत्तर येते आणि त्याने फक्त लेखक सुखावतो. सूचना अशी द्यावी : ‘या प्रकरणातील वय, नाते, तारीख, स्थळ, अंतर, वस्तू आणि संबोधन यांविषयीचे प्रत्येक विधान वेगळे काढ. ते सोबतच्या नोंदीशी जुळव. जुळत नसेल तिथे दोन्हीकडची वाक्ये जशीच्या तशी दे. नोंदीत आधार नसेल तर “नोंद नाही” असे लिही. काहीही दुरुस्त करू नकोस.’ शेवटचे वाक्य वगळू नये. ते नसेल तर सॉफ्टवेअर आपल्या परवानगीशिवाय वाक्येच बदलून देते. ‘नोंद नाही’ असा शेरा मिळालेली विधाने म्हणजे नव्याने जन्मलेली तथ्ये, आणि ती मान्य असतील तर त्याच दिवशी वहीत चढवावीत. जिथे वाक्ये उद्धृत केली असतील, तिथे ती मूळ फाइलमध्ये शोधून पाहावीत, कारण अस्तित्वात नसलेले वाक्यही ते अवतरणचिन्हांत देऊ शकते. गुगलच्या नोटबुकएलएमसारखे साधन उत्तरासोबत मूळ मजकुरातील जागा दाखवते, त्यामुळे जुन्या खंडांत काही शोधायचे असेल तेव्हा ते सोयीचे पडते.

विसंगती सापडली म्हणजे ती चूकच, असे नाही. म्हातारी गोदूबाई आपल्या लग्नाचे वर्ष चुकीचे सांगत असेल, किंवा सावकार सरळ खोटे बोलत असेल. अशा जागी नोंदीपुढे ‘हेतुपुरस्सर’ असे लिहिले की पुढच्या वेळी तोच आक्षेप पुन्हा येत नाही. खरी चूक असेल तेव्हा छापलेले ते प्रमाण मानावे आणि अप्रकाशित मजकूर बदलावा. छापील खंडातच दोन वाक्ये एकमेकांशी भांडत असतील, तर पुढील कथेला जे सोयीचे असेल ते निवडून दुसरे पुनर्मुद्रणाच्या दुरुस्तीयादीत टाकावे.

अप्रकाशित हस्तलिखित कोणत्याही सेवेत चढवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : आपला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ नये अशी सोय सेटिंगमध्ये आहे का, आणि प्रकाशकाशी झालेल्या करारात एआयच्या वापराविषयी काही अट आहे का. खंड छपाईला जाताना नोंदवहीची त्या दिवसापर्यंतची एक प्रत मुद्रितशोधकाकडेही द्यावी, आणि त्याने सुचवलेले बदल वहीत नोंदल्यानंतरच पुढच्या खंडाची फाइल उघडावी.