ट्रान्झियंटचं (वेळेनुसार टेंपरेचर बदलत जातं त्याचं) गणित सोपं करायचंय? आधी बायोट नंबर बघा

कढईतून काढून पाचेक मिनिटं झालेला बटाटेवडा हाताला कोमट लागतो आणि चावला की आतला बटाटा जीभ भाजतो. म्हणजे एकाच वड्यात दोन टेंपरेचर. आपली लम्प्ड मेथड म्हणते की कुठल्याही क्षणी अख्ख्या वस्तूचं टेंपरेचर एकच आहे असं धरा, मग वड्याला ती कशी चालेल? पण स्टीलच्या छोट्या गोळीला मस्त चालते, कारण आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत पटकन येते, अडते ती बाहेर हवेत जाताना.

हे ठरवतो बायोट नंबर: एच (पृष्ठभागावरून बाहेर उष्णता किती सहज जाते तो गुणांक) गुणिले लांबी भागिले के (उष्णतावाहकता). ०.१ पेक्षा कमी आला की बिनधास्त पुढे जा. लांबी म्हणजे आकारमान भागिले पृष्ठफळ, गोळ्याला त्रिज्येचा तिसरा हिस्सा, लांब दांड्याला निम्मी त्रिज्या, दोन्हीकडून गार होणाऱ्या पत्र्याला निम्मी जाडी. आणि के घ्यायचा तो वस्तूचा, हवेचा नाही!! पेपरात सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

आता २० मिमी व्यासाची स्टीलची गोळी घ्या, २०० अंशांवरून ५० वर आणायचीय, हवा ३० अंश, एच ३०, के ४५. लांबी ३.३३ मिमी म्हणून बायोट आला ०.००२, म्हणजे काही प्रश्नच नाही. मग टाइम कॉन्स्टंट (गोळी किती झपाट्याने गार होते ते सांगणारा वेळ) काढा: घनता ७८०० गुणिले विशिष्ट उष्मा ५०० गुणिले लांबी (मीटरमध्ये हां) भागिले एच, उत्तर साधारण ४३३ सेकंद. सुरुवातीचा फरक १७०, शेवटचा २०, भागाकार ८.५, त्याचा नॅचरल लॉग २.१४, गुणिले ४३३ म्हणजे ९२७ सेकंद, साडेपंधरा मिनिटं. चेक करायचं तर एका टाइम कॉन्स्टंटनंतर ३७ टक्के फरक उरतो, म्हणजे सव्वासात मिनिटांनी गोळी ९३ अंशांच्या आसपास हवी.

तीच गोळी जोरात ढवळलेल्या पाण्यात टाकली आणि एच ३००० धरला तर बायोट ०.२२ होतो, मेथड गेली. मग हाइस्लर चार्ट (आत-बाहेर टेंपरेचर वेगळं असताना वापरायचे तयार आलेख) काढा, फक्त तिथे बायोटमध्ये तिसरा हिस्सा नाही, गोळ्याची पूर्ण त्रिज्या टाकायची.