कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी हे तपासा

युरो ३ या युरोपातल्या जुन्या प्रदूषण नियमात मोटरसायकलला किलोमीटरमागे २ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत असे; २०२० पासूनच्या युरो ५ मध्ये ही मर्यादा १ ग्रॅम आहे. नायट्रोजन ऑक्साइड्स ०.१५ वरून ०.०६ ग्रॅमवर आले. धूर तपासणीत गाडी नापास झाली की आधी कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणारी सायलेन्सरमधली जाळी) खापर फुटतं. पण दुखणं बहुधा त्याच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला असतं, म्हणून हाच क्रम ठेवा.

सुरुवात बेंड पाइपपासून, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या नळीपासून. गार इंजिन चालू करा आणि पाइप तापायच्या आत सिलिंडर हेडजवळच्या सांध्यावर, ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांभोवती साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले किंवा सांध्यावर काजळीचा पट्टा दिसला तर गळती आहे. धूर बाहेर पडतो ते एकवेळ ठीक, पण दोन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या मधे तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) मिक्स्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, समजतो आणि पेट्रोल वाढवतो. सांध्यातली गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवीच टाका. एकदा चेपलेली पुन्हा नीट बसत नाही. साधा सिलिकॉन सीलंट इथे नकोच, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

मग स्पार्क प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त (एअर फिल्टरही बघून घ्या), ओला तेलकट थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं. गॅप मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच ठेवा. मिसफायर होत असेल तर गाडी तशीच दामटू नका: न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळते.

ऑक्सिजन सेन्सर तपासताना कनेक्टर जोडलेलाच ठेवा, इंजिन पूर्ण गरम हवं. डिजिटल मल्टिमीटरवर साध्या झिर्कोनिया सेन्सरचं (ऑक्सिजन सेन्सरचा नेहमीचा प्रकार) व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवं. ०.८ जवळ अडकलं तर मिक्स्चर रिच. ०.१ जवळच बसलं तर लीन, गळती, नाहीतर सेन्सरच गेलेला.

तपासणीला १५ मिनिटं गाडी चालवून थेट जा. कन्व्हर्टर साधारण ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो. रांगेत नुसत्या आयडलिंगवर तो निवतो.

एवढं करूनही आकडे वरच राहिले, तर गार सायलेन्सरवर मुठीने ठोका. आत खुळखुळलं तर जाळी फुटली आहे, आता कन्व्हर्टर बदला.