स्लॅगच्या विटा पाडताय? भट्टी लावण्याआधी या चुका टाळा

जालन्यात भंगार वितळवून सळई करणारे कारखाने भरपूर, त्यामुळे स्लॅगला, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या मळीला, तोटा नाही. पण तो कुठल्या भट्टीचा, हे न विचारता ट्रॉली भरून आणली की पहिली चूक तिथेच झाली. इंडक्शन (विजेच्या वेटोळ्याने तापणाऱ्या) भट्टीच्या स्लॅगमध्ये भट्टीच्या अस्तराची आणि भंगारासोबत आलेली सिलिका (वाळूतला मुख्य घटक), शिवाय लोखंडाचं ऑक्साइड जास्त, चुना कमी. लॅडलच्या (वितळलेलं पोलाद धरणाऱ्या पात्राच्या) किंवा आर्क (विजेच्या ठिणगीने तापणाऱ्या) भट्टीच्या स्लॅगमध्ये मात्र चुनाच चुना. दोघांना एकच प्रमाण लागू पडत नाही.

चुनखडीचं दुखणं आपल्या वीटवाल्यांना सांगायला नको. काळ्या मातीतला एखादा खडा राहिला की भट्टीत त्याची कळी (न विझलेला चुना) होते, पुढे पाणी लागलं की ती फुगते आणि विटेची खपली उडते. स्लॅगमधला मोकळा चुनाही तेच करतो. ‘ढीग एक पावसाळा भिजू द्या’ असं जो तो सांगतो. रस्त्याच्या खडीसाठी ते ठीक, भाजायच्या विटेसाठी अर्धवट; कारण विझलेला चुना ९०० अंशांच्या आचेत परत कळीचा होतो! मी इथेच फसलो. वर्षभर मुरलेला स्लॅग नुसता चाळून वापरला, आणि पाण्यातून काढलेल्या नमुन्यांवर तिसऱ्या दिवशी पांढरे फोड. खरा इलाज दळणाचा. पिठासारखा बारीक केला तर चुना भाजतानाच मातीतल्या सिलिकेशी बांधला जातो, फुगायला फारसा उरत नाही.

दळण्याआधी चुंबक फिरवा. लोखंडाचे मणी राहिले तर गिरणी झिजते आणि विटेवर काळे ठिपके उठतात.

स्लॅग वाढवला आणि आच तीच ठेवली, तर वीट वितळून खंगर होते. लोखंडाचं ऑक्साइड मातीला लवकर वितळवतं. १०, २०, ३० टक्क्यांचे वेगवेगळे घाणे करून बघा. ६०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात घाई नको, नाहीतर आतला कार्बन जळत नाही, गाभा काळा राहतो आणि वीट फुगते.

धुराच्या फिल्टरमधली धूळ म्हणजे स्लॅग नव्हे. गॅल्व्हनाइज्ड भंगारातलं जस्त, शिवाय शिसंही तिच्यात उतरतं. ती फुकट मिळाली तरी मिश्रणात घालू नका. स्टेनलेसच्या स्लॅगमध्ये क्रोमियम असतं. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय त्याला हात लावू नका.

शेवटी तपासणी. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे १२.५ वर्गापर्यंतच्या (वर्ग म्हणजे दाब सोसण्याची ताकद) विटेने २४ तासांत वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. त्याशिवाय दोन-तीन नमुने काही तास पाण्यात उकळा, चुना लगेच बोलतो. स्लॅगमधला मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) मात्र फार सावकाश फुगतो, म्हणून चार विटा मोरीच्या कडेला वर्षभर ओल्या राहू द्या. तोवर मोठी ऑर्डर घेऊ नका.