निवृत्त फिगर स्केटरची कारकीर्द कशी अभ्यासावी : युझुरू हान्यूच्या निमित्ताने

एखाद्या निवृत्त फिगर स्केटरची कारकीर्द खरोखर समजून घ्यायची असेल, तर पदकांच्या यादीवर विसंबून राहू नये. जपानच्या युझुरू हान्यूने २०१४ मध्ये सोचीला आणि २०१८ मध्ये प्योंगचांगला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले आणि २०२२ मध्ये बीजिंगला तो चौथा आला, एवढे यादी सांगते; पण सोचीच्या सुवर्णपदकी फ्री स्केटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब फेरीत, तो दोनदा पडला होता, हे ती सांगत नाही.

म्हणून आधी एकच सादरीकरण निवडावे. पहिल्यांदा ते न थांबवता, संगीतासह पाहावे. नंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचे त्या स्पर्धेचे तपशीलवार गुणपत्रक समोर ठेवून, एकेक उडी संथ गतीने पाहावी. गुणपत्रकात उडीसारख्या प्रत्येक घटकाचे मूळ गुण आणि त्यापुढे तो किती चांगला झाला यासाठी परीक्षकांनी दिलेली अधिक-उणे श्रेणी असते. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी धरली जाते, त्यामुळे एखाद्या परीक्षकाच्या मेहेरनजरेवर निकाल सहसा फिरत नाही.

सरावासाठी मी बीजिंगची निवड सुचवेन. तेथील शॉर्ट प्रोग्रामच्या, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीच्या, पहिल्याच उडीत पाते बर्फावरील खाचेत अडकल्याचे हान्यूने सांगितले. चार गिरक्यांची सॅल्को नावाची उडी एका गिरकीची झाली, तिला शून्य गुण मिळाले आणि तो आठव्या स्थानी राहिला. फ्री स्केटची सुरुवात मात्र त्याने चार गिरक्यांच्या अ‍ॅक्सेलने केली. अ‍ॅक्सेल ही समोर तोंड करून घेतली जाणारी एकमेव उडी असल्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्त, म्हणजे येथे साडेचार गिरक्या, पुऱ्या कराव्या लागतात. हान्यू पडला आणि गिरकीही अपुरी ठरली. साडेबारा मूळ गुण तेथेच दहावर आले, पडल्याची वजावट वेगळीच. तरीही संघटनेच्या स्पर्धेत चार गिरक्यांची अ‍ॅक्सेल म्हणून नोंदला गेलेला तो पहिला प्रयत्न होता. हा क्षण गुणपत्रकासह पाहिल्यावर चौथ्या क्रमांकाचा अर्थ पार बदलतो.

दोन काळांतील गुणांची तुलना करताना विशेष सावध राहावे. २०१८-१९ च्या हंगामापासून श्रेणीची कक्षा उणे तीन ते अधिक तीनवरून उणे पाच ते अधिक पाच अशी झाली, पुरुषांचा फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आला, आणि उड्यांचे घटक आठावरून सात झाले. त्यामुळे आधीचे विक्रम ऐतिहासिक म्हणून बाजूला ठेवले गेले. २०१५ च्या एनएचके ट्रॉफी या जपानमधील स्पर्धेत हान्यूने मिळवलेले ३२२.४० गुण, तीनशेचा टप्पा प्रथमच ओलांडणारे, त्या काळातील प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांशेजारीच ठेवावेत.

स्पर्धा नसलेले महिनेही वाचावेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावात उजव्या घोट्याला इजा झाल्यावर तो थेट प्योंगचांगलाच स्पर्धेत उतरला. हे ठाऊक असेल, तर त्या सुवर्णपदकामागची जोखीम नीट लक्षात येते.

निवृत्तीनंतरच्या कामाला मात्र स्पर्धेची मोजपट्टी लावू नये. १९ जुलै २०२२ रोजी स्पर्धा सोडल्याचे जाहीर केल्यानंतर हान्यूने एकट्याने पूर्ण कार्यक्रम सादर करण्यास सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोममध्ये असा कार्यक्रम केला. तेथे परीक्षक नव्हते, दुसरा स्केटरही नव्हता. म्हणून एका सादरीकरणातून दुसऱ्याकडे जाताना तो दम कसा राखतो आणि अवघड उड्या कोठे ठेवतो, याची नोंद करावी.