या चुका टाळा: पारदर्शक प्लास्टिकवरचे ओरखडे घरी काढताना

ओझर किंवा घोटीकडून महामार्गानं नाशकात आलेल्या गाडीच्या हेडलाइटवर दिवसभराची धूळ बसलेली असते. सकाळी निघताना तिच्यावरून कोरडं फडकं फिरवलं जातं आणि बहुतेक ओरखडे तिथेच पडतात. आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची. तिची भुकटी प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असते आणि फडक्यात अडकली की ते फडकंच पॉलिश पेपर होतं. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्या. मग लिटरभर पाण्यात गाडीच्या शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून मऊ मायक्रोफायबरनं पुसा. घासायला सुरुवात करण्यापूर्वीही हेच करायचं. मागे राहिलेला धुळीचा एक कण अर्ध्या तासाची मेहनत वाया घालवतो.

कोणतं प्लास्टिक आहे ते न पाहणं

ज्याला आपण हेडलाइटची काच म्हणतो, ती हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेटची असते. देवघराचं पारदर्शक दार, दुकानाची पाटी, फोटोफ्रेम ही बहुधा अ‍ॅक्रेलिकची. पॉलिकार्बोनेट वाकतं, सहसा तुटत नाही. अ‍ॅक्रेलिक कडक असतं आणि फार वाकवलं तर कडकन मोडतं. अ‍ॅक्रेलिक घासून चांगलं चमकतं. पॉलिकार्बोनेट मऊ असल्यामुळे त्याच्यावर कारखान्यातच कडक थर दिलेला असतो. तो थर घासला गेला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं.

हेल्मेटच्या व्हायजरचंही तेच. त्यावर ओरखड्यांपासून वाचवणारा थर असतो. घासल्यावर व्हायजर दिवसा स्वच्छ दिसेल, पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर पसरतो. व्हायजर घासू नका, त्याच मॉडेलचा नवा बसवा. चष्म्याच्या प्लास्टिक भिंगांनाही हाच नियम.

टूथपेस्ट, राख आणि भांड्यांची पावडर

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशकात घरोघरी भांडी उजळायची पावडर असते आणि तीच देवघराच्या दारावर फिरवली जाते. ती धातूसाठी बनवलेली असते. तिचे कण अ‍ॅक्रेलिकवर असे चरे पाडतात की मूळ ओरखडा शोधावा लागतो. पांढऱ्या टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते, त्यामुळे अगदी वरवरची धुरकट छटा तिनं कमी होते. नखाला लागणारा चरा मात्र तिनं जात नाही.

खोबरेल तेल लावून ओरखडा गायब होतो, तो फक्त दिसेनासा होतो. तेल प्रकाश जवळजवळ अ‍ॅक्रेलिकइतकाच वाकवतं. चरा तेलानं भरला की डोळ्याला कळत नाही, धुतला की परत दिसतो. पाण्यानंही थोडंफार असंच होतं. म्हणून घासलेला भाग ओला असताना पाहून समाधान मानू नका. पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बघा.

नखाची चाचणी न करता पेपर लावणं

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकत नसेल तर पेपरची गरज नाही. बारीक कणांचं रबिंग कंपाऊंड (घासून चमक आणणारी पेस्ट) हरभऱ्याएवढं मायक्रोफायबरवर घ्या आणि दोन-तीन मिनिटं हलक्या हातानं फिरवा, तेवढं पुरतं. नख अडकत असेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर लागेल. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. ऑटो पेंटच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात 800, 1000, 1500, 2000 आणि 3000 नंबरचे वॉटर पेपर मागा. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका आणि पेपर छोट्या रबरी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी दाबत घासलं की बोटांच्या आकाराचे खळगे पडतात.

ओरखडा काढणं म्हणजे तो भरणं नव्हे. त्याच्या भोवतीचं प्लास्टिक त्याच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं. फक्त चऱ्यावरच जोर लावला तर तिथे बशीसारखा खड्डा होतो आणि पलीकडची वस्तू वेडीवाकडी दिसते. चऱ्याभोवती निदान चार-पाच बोटं जागा धरून घासा.

सगळ्यात महागात पडते ती पेपर गाळण्याची घाई. 1000 नंतर थेट 3000 लावला तर 1000 च्या रेषा तशाच राहतात आणि कंपाऊंड लावल्यावर त्या आणखी उठून दिसतात. दर नंबरला दिशा बदला: एक आडवा, पुढचा उभा. आधीच्या दिशेची एकही रेष दिसत नाही तोवर पुढच्या पेपरला हात लावू नका. मधल्या वेळी पाणी बदला, नाहीतर जुन्या पेपरचे जाड कण नव्या पेपरखाली येतात.

ड्रिलला बफ, म्हणजे चमकवायची गोल मऊ गादी लावणारे आणखी एक चूक करतात. अ‍ॅक्रेलिक साधारण 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एका जागी थांबलेला बफ ती उष्णता काही क्षणांत निर्माण करतो. ड्रिल सर्वांत कमी वेगावर ठेवा, बफ सतत फिरता ठेवा. हाताला ऊब लागली की थांबा. उन्हात तापलेल्या गाडीवरही हे काम नको.

हेडलाइट चमकवून तसाच सोडणं

पिवळेपणा म्हणजे ऊन खाऊन मेलेला वरचा थर. तो अर्धवट काढला तर काचेवर नकाशासारखे ठिपके राहतात. 800 नं सुरुवात करा. आधी पिवळसर पाणी निघेल. सगळीकडून पांढरं निघू लागलं की जुना थर संपला. पिवळेपणा आतल्या बाजूनं असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही.

नवा संरक्षक थर दिला नाही तर उघडं पॉलिकार्बोनेट नाशिकच्या एका उन्हाळ्यातच पुन्हा पिवळं पडू लागतं. ऑटो पेंटवाल्याकडून हार्डनरसह येणारा, ऊन सोसणारा टू-के क्लिअर कोट घ्या. कोट द्यायचा असेल तर 2000 च्या पेपरवर थांबा, 3000 आणि कंपाऊंड नको. चमकवलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर कोट धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. 2000 च्या बारीक रेषा कोटच भरून काढतो. दोन पातळ हात द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडा. पाऊस किंवा पहाटेचं दव असताना फवारू नका. हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. साधा रुमाल पुरत नाही, वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो. तो नसेल तर हे काम पेंटवाल्याकडूनच करून घ्या.

थिनर आणि स्पिरिटनं पुसणं

स्टिकरचा चिकटा काढायला अ‍ॅक्रेलिकवर थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट किंवा अमोनियाचा काच-क्लीनर वापरू नका. कापलेल्या कडा आणि स्क्रूच्या भोकांजवळ शीटमध्ये ताण असतो. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. चिकट्यावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा.

तडे आलेच तर घासत बसू नका, ते आत शिरलेले असतात. साइनबोर्डवाल्याकडून त्याच जाडीची शीट मापात कापून आणा. भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडा, म्हणजे उन्हात शीट फुगायला जागा राहील. वरचा कागद मात्र शेवटचा स्क्रू बसल्यावरच सोला.