पाऊस लागायच्या आत काविळीची तयारी

डोळे पिवळे दिसेपर्यंत थांबाल तर उशीर झाला समजा. घाण पाण्या-अन्नातून कावीळ करणारा हिपॅटायटीस ए हा व्हायरस पोटात गेल्यावर कावीळ दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, आणि पेशंटच्या संडासवाटे सगळ्यात जास्त व्हायरस बाहेर पडते ते पिवळं पडायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यात, अन् लहान पोरं तर बहुतेक वेळा पिवळी पडतच नाहीत तरी घरभर पसरवतात. म्हणून तयारी आत्ताच.

पहिले नळाची लाइन पाहा. घरात येणारा पाइप नालीतून गेला असन तर प्लंबरला सांगून वर घ्या आणि नळाला जोडलेला टिल्लू पंप काढाच बाप्पा, कारण प्रेशर कमी असलं की तो लाइनीतून ओढते, पाइपाला चीर असली की नालीचं पाणी आत, अन् ते शेजाऱ्याच्याही घरी जाऊ शकते. गढूळ पाणी आलं तर गाळून खळखळ उकळवा. माठाला तोटी नसन तर दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला बुडवला की बोटं बुडलीच.

साबण भरपूर आणा, ह्या व्हायरससमोर सॅनिटायझरचा भरोसा नाही. संडासचं हँडल, पाण्याचा मग, कडी पुसायला 1 लिटर पाण्यात 10 मिली लिक्विड ब्लीच, रोज ताजं बनवा, अॅसिडमध्ये मिसळू नका.

नागपुरात मेडिकल नाहीतर मेयो ह्या सरकारी दवाखान्यात कोणी भरती असन तर पिशवीत साबण, ग्लोव्ज आणि पेशंटचा वेगळा ग्लास टाका. टॉयलेट वेगळं मिळते का ते सिस्टरला विचारा. पेशंट डायपरवर असन तर गाऊन-ग्लोव्जशिवाय हात लावू नका, आणि बेडपॅन उचलणाऱ्यानं डबा वाढायचा नाही, हे घरातच ठरवून घ्या, वॉर्डात भांडत बसू नका. शेजारी बसल्यानं काही होत नाही हो, जेवणाचं ताट लांबून सरकवायची गरज नाही.

घरातल्या बाकीच्यांनी संपर्क आल्यापासून 14 दिवसांच्या आत लशीचं डॉक्टरांना विचारा. सरकारी नेहमीच्या लसीकरणात ती नाही, तर पैशाची सोय पाहून ठेवा. मेस चालवणारे किंवा पोह्याचा ठेला लावणारे असाल तर स्वतःला कावीळ दिसल्यापासून किमान आठवडाभर खाण्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही, धंदा बुडो.

कावीळ उतरवायला माळ घालायची तर घाला, झाडपाल्याचं औषध मात्र पाजू नका, दारू तर नाहीच, आणि रक्ताची तपासणी पहिले. पेशंट बरळायला लागला, सारखा झोपून राहिला किंवा कुठून रक्त यायला लागलं तर रात्र असो का दिवस, सरळ कॅज्युअल्टी गाठा.